मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने नेमकं किती किलोमीटर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर शोधायला बसलं की एकाच प्रवासाचे तीन-चार वेगळे आकडे समोर येतात. मुंबई-न्यूयॉर्कचंच घ्या. कुणी 12,500 सांगतं, कुणी 13,400, आणि भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणारा 14,000 च्या पुढे जातो. यातला कुठलाच आकडा हवेतून आलेला नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून आपला प्रश्न कुठला हे आधी ठरवावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं मुंबई (बीओएम) आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ (जेएफके) हीच जोडी धरून दिली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

एका आकड्यात उत्तर हवं आहे. किती सांगू?

सुमारे 12,530 किलोमीटर. मैलांत साधारण 7,790 आणि वैमानिकांच्या नॉटिकल मैलांत 6,770. जमिनीलगत, एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचं हे सर्वांत कमी अंतर आहे. बाकीचे सगळे आकडे यात काहीतरी मिळवून येतात.

नकाशावर सरळ रेघ मारून मोजलं तर चुकतं का?

चुकतं, आणि थोडंथोडकं नाही. शाळेत भिंतीवर असतो तो जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक रीत) किंवा तिच्या जवळपासचा असतो. त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ मारली तर ती अरबस्तानचं वाळवंट, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मग अटलांटिक ओलांडून जाते. त्या रेघेवरून खरोखर प्रवास केला तर 14,200 किलोमीटर पडतील, म्हणजे कमीत कमी अंतरापेक्षा जवळजवळ 1,670 किलोमीटर जास्त.

या रेघेचा एक गुण मात्र आहे. तिच्यावरून जाताना होकायंत्राची दिशा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहते. शिडाच्या जहाजांना ती सोय मोलाची होती. आज दिशा सतत बदलत नेणं विमानाच्या संगणकाला अवघड नाही, त्यामुळे त्या सोयीसाठी इंधन जाळण्याचं कारण उरलेलं नाही.

मग सर्वांत जवळचा रस्ता कुठून जातो?

पृथ्वीच्या केंद्रातून आणि दोन्ही विमानतळांतून जाणारं एक प्रतल कल्पा. ते पृथ्वीला जिथे कापतं तिथे जे वर्तुळ तयार होतं ते बृहद्‌वृत्त. त्याचा दोन गावांमधला लहान तुकडा म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता.

आपल्या जोडीसाठी तो रस्ता पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. न्यूयॉर्क पश्चिमेला आहे हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, पण मुंबईतून निघताना तोंड असतं उत्तरेकडे, पश्चिमेला जेमतेम 27 अंश कललेलं. रस्ता सिंधमधून वर जातो, कंदाहारच्या जवळून अफगाणिस्तान ओलांडतो, मग तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग. तिथून मॉस्को अगदी जवळ, सेंट पीटर्सबर्ग थोडं उजवीकडे, मग फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम आणि समुद्र ओलांडून आइसलँड. ट्रॉनहाइम आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रावर तो 64.7 उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे आर्क्टिक वृत्तापासून दोनच अंश खाली. पुढे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून लॅब्राडोर, सेंट लॉरेन्सचं आखात, मेन राज्य आणि मग न्यूयॉर्क.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना वाटेत मॉस्को आणि आइसलँड लागावं, हे कागदाच्या नकाशावर कधीच दिसत नाही. गोलावर मात्र ते लगेच दिसतं.

हे घरी मुलांना दाखवता येईल का?

नक्की दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून दोरा ताणा. सैल होता तोवर तो कुठूनही जाईल. ताण दिला की आपोआप सरकत वर रशिया-नॉर्वेकडे जाऊन स्थिरावतो. आता दोन्ही बोटांच्या मधला दोरा पट्टीवर मोजा. साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. एवढ्या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 425 किलोमीटर. गुणाकार केला की 12,500 च्या आसपासचं उत्तर हातात येतं.

स्वतः गणित करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

दहावीची त्रिकोणमिती आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर आहे ना, ते पहिल्यांदा बघा.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे.

मुंबई: अक्षांश 19.0887, रेखांश 72.8679
जेएफके: अक्षांश 40.6398, रेखांश −73.7789

रेखांशांतला फरक: 72.8679 − (−73.7789) = 146.6468 अंश.

आता सूत्र. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्या अक्षांशाचा साइन. त्यात मिळवायचा पहिल्या अक्षांशाचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. जे येईल ते दोन विमानतळांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेल्या कोनाचं कोसाइन.

साइन 19.0887 = 0.3270, कोसाइन 19.0887 = 0.9450
साइन 40.6398 = 0.6513, कोसाइन 40.6398 = 0.7588
कोसाइन 146.6468 = −0.8353

पहिला गुणाकार: 0.3270 × 0.6513 = 0.2130
दुसरा गुणाकार: 0.9450 × 0.7588 × (−0.8353) = −0.5990
बेरीज: −0.3860

ज्या कोनाचं कोसाइन −0.3860 आहे तो कोन 112.705 अंशांचा. पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरली तर पृष्ठभागावर एक अंश म्हणजे 111.195 किलोमीटर. 112.705 × 111.195 = 12,532.

बेरीज उणे आली म्हणून घाबरू नका. कोन 90 अंशांपेक्षा मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या पाव घेरापेक्षा, साधारण 10,000 किलोमीटरपेक्षा, जास्त लांब आहेत.

माझं उत्तर 2,400 किलोमीटर आलं. काय झालं असेल?

पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह राहिलं. त्यामुळे न्यूयॉर्क 73.78 पूर्वेला सरकलं, म्हणजे तुम्ही मुंबई ते किर्गिझस्तान हे अंतर काढलंत. अमेरिकेच्या गणितांत सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. उत्तर अगदीच विचित्र आलं तर, विशेषतः एक्सेलमध्ये, अंश आणि रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) यांची गल्लत तपासा. एक्सेलचं साइन फंक्शन रेडियन मागतं, त्यामुळे प्रत्येक अंश आधी रेडियनमध्ये बदलावा लागतो.

अक्षांश अंश-मिनिट-सेकंदांत दिलेत. दशांशात कसे आणू?

मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3,600 ने भागून अंशांत मिळवा. जेएफकेचा अक्षांश 40 अंश 38 मिनिटं 23 सेकंद. 38 ÷ 60 = 0.6333 आणि 23 ÷ 3,600 = 0.0064. एकूण 40.6397. 40.38 लिहून मोकळं होणारे पुष्कळ असतात. तसं केलं तर विमानतळ पंचवीस-तीस किलोमीटर दक्षिणेला जातो.

अंतर काढायचं हॅवरसाइन नावाचंही एक सूत्र आहे. ते वेगळं आहे का?

भूमिती तीच, मांडणी वेगळी. दोन ठिकाणं अगदी जवळ असली, समजा मुंबईतले दोन भाग, तर वरच्या सूत्रातलं कोसाइन 1 ला इतकं चिकटतं की कमी अंकी कॅल्क्युलेटरवर उत्तर घसरतं. हॅवरसाइनमध्ये ती अडचण येत नाही, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे ते वापरतात. लांबच्या विमानतळांसाठी दोन्ही सारखीच.

दोन वेबसाइटवर दोन वेगळे आकडे का दिसतात?

मुख्य कारणं तीन.

एक, पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या 6,378 किलोमीटर आणि ध्रुवांशी 6,357. वरचं सूत्र तिला एकाच त्रिज्येचा गोल मानतं. जीपीएस ज्यावर चालतं ते डब्ल्यूजीएस 84 हे मोजमाप ध्रुवांशी दबलेली पृथ्वी धरतं. तिच्यावर अंतर काढायची व्हिन्सेंटी यांची पद्धत 1975 ची आहे, आणि तिच्याहून भरवशाच्या पद्धती नंतर आल्या. गोल पृथ्वी आणि दबलेली पृथ्वी, यांच्या उत्तरांतला फरक फार तर अर्धा टक्का. सहलीच्या हिशेबाला गोल पृथ्वी पुरते, सर्वेक्षणाला पुरत नाही.

दोन, विमानतळ कुठला? न्यूयॉर्कचं तिकीट जेएफकेचं असेल किंवा नेवार्कचं. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ‘मुंबई’ एवढंच लिहूनही भागत नाही. सांताक्रूझचा विमानतळ आणि नवी मुंबईचा, यांत वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे. म्हणून शहराचं नाव टाकू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका.

तीन, काही साइट शहराच्या मध्यापासून मोजतात, काही रोजच्या विमानांनी खरोखर कापलेलं अंतर दाखवतात. साइट काय मोजते हे तिने लिहिलेलं नसेल, तर तिच्या आकड्यावर फार विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान खरोखर 12,530 किलोमीटरच उडतं का?

नाही. हा आकडा म्हणजे खालची मर्यादा. उड्डाणानंतर आणि उतरण्याआधी विमानाला धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसे घ्यावे लागतात. उत्तर अटलांटिकवर रोज वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्ग आखले जातात, आणि विमानं त्या मार्गांवर चालतात. पण सगळ्यांत मोठा वळसा बंद आकाशांमुळे पडतो.

वर दिलेला जवळचा रस्ता पुन्हा वाचा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. 2019 मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भारताकडच्या बहुतेक विमानवाहतुकीला बंद ठेवलं. 24 एप्रिल 2025 रोजी त्याने ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद केलं. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चपासून रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांना मिळत नाही, भारतीय कंपन्यांना मात्र ते खुलं राहिलं. त्यामुळे एकाच जोडीसाठी भारतीय कंपनीचं विमान एका बाजूने वळसा घेतं आणि अमेरिकी कंपनीचं दुसऱ्या बाजूने.

वळशाचं गणित अवघड नाही. मधला एक बिंदू घ्या आणि दोन तुकड्यांची अंतरं वेगवेगळी काढून मिळवा. समजा विमान कैरोवरून नेलं. मुंबई-कैरो 4,340 आणि कैरो-जेएफके 9,020, एकूण 13,360 किलोमीटर. म्हणजे सव्वाआठशेच्या वर जादा, साधारण एक तासाचं उड्डाण. तेवढं इंधन जादा भरायचं, आणि ते पुढे बारा-पंधरा तास वाहून न्यायलाही इंधनच लागतं. आकाश बंद झालं की तिकिटं का वाढतात, याचं बरंचसं उत्तर या बेरजेत आहे.

जास्त अंतराचा रस्ता कधी कमी वेळाचा असतो का?

असतो. या विषयातलं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. बृहद्‌वृत्तावर हे अंतर जेमतेम 12,380 किलोमीटर. एअर इंडियाने डिसेंबर 2015 मध्ये ही थेट सेवा सुरू केली ती अटलांटिकवरून, साधारण 13,900 किलोमीटरच्या मार्गाने. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. मार्ग झाला सुमारे 15,300 किलोमीटरचा, म्हणजे 1,400 किलोमीटर लांब. आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, पूर्वीपेक्षा लवकर.

कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर सहज जातो. विमान स्वतः हवेत ताशी 900 च्या आसपास चालतं. मागून वारा आला तर जमिनीवरचा वेग 1,050-1,100 होतो, समोरून आला तर 800 च्या खाली येतो. म्हणूनच न्यूयॉर्कहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. अंतराला 900 ने भागून वेळ काढायची सवय चांगली आहे, पण जाताना त्यात दीड-दोन तास मिळवा.

लंडन किंवा दुबईला विमान बदललं तर अंतर किती वाढतं?

वाटतं त्यापेक्षा फार कमी. मुंबई-हीथ्रो 7,210 आणि हीथ्रो-जेएफके 5,540, बेरीज 12,750. फक्त 220 किलोमीटर जादा, दोन टक्केसुद्धा नाही. दुबईमार्गे 1,930 अधिक 11,000, म्हणजे 12,930. हासुद्धा चारशेचा फरक. थांब्यांमुळे प्रवास लांबतो तो विमानतळावरच्या ताटकळण्याने.

विमान 11 किलोमीटर उंच उडतं, त्याने अंतर वाढत असेल ना?

वाढतं, पण फार नाही. 6,371 ऐवजी 6,382 ने हिशेब करा. सगळ्या प्रवासात वीस-बावीस किलोमीटर.

नॉटिकल मैल कशाला? किलोमीटर का नको?

एक नॉटिकल मैल म्हणजे बरोबर 1.852 किलोमीटर, आणि तो साधारण अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. आपला कोन 112.705 अंश आला होता. त्याला 60 ने गुणा, 6,762 येतात. म्हणजे कोन मिळाला की अंतर जवळजवळ तोंडी निघतं. साधा मैल मात्र 1.609 किलोमीटरचा. मैल आणि नॉटिकल मैल एक समजलात तर पंधरा टक्क्यांचा घोळ होतो.

बेंगळुरूचं विमान उत्तर ध्रुवावरून आलं होतं ते कशासाठी?

बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. अशा दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता ध्रुवाच्या शेजारूनच जाणार. सरळ अंतर 13,993 किलोमीटर. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं ते विमान सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवीय मार्गाने बेंगळुरूला आणलं. आयटीच्या नोकऱ्यांमुळे बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा मार्ग ओळखीचा असेल. खिडकीतून तासन्‌तास बर्फ दिसतो तो यामुळे.

दोन विमानतळांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर असू शकतं?

पृथ्वीचा अर्धा घेर, म्हणजे सुमारे 20,015 किलोमीटर. त्याहून लांब पृथ्वीवर काहीच नाही. मुंबईच्या बरोबर विरुद्ध टोक दक्षिण पॅसिफिकमध्ये आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला, भर समुद्रात. नियमित थेट सेवांपैकी सिंगापूर-न्यूयॉर्कची सेवा 15,300 किलोमीटरच्या वर जाते, आणि तिच्यासाठी एअरबसने ए350 चं जादा इंधन घेणारं रूप तयार केलं.

मॉरिशसलाही हेच सूत्र चालेल का?

हो. अक्षांश उणे धरा, कारण मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे. मुंबईपासून 4,700 किलोमीटरच्या आसपास उत्तर यायला हवं. हा मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण आणि विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आहे, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघही इथे फारशी फसवत नाही.

कार्बन उत्सर्जनाचे आकडे कुठल्या अंतरावर काढतात?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा कॅल्क्युलेटर बृहद्‌वृत्ताचं अंतर घेतो आणि वळशांसाठी त्यात ठरावीक भर टाकतो: 550 किलोमीटरच्या आतल्या उड्डाणाला 50, 5,500 पर्यंत 100 आणि त्यापुढे 125 किलोमीटर. बंद आकाशांचे मोठे वळसे या भरीत मावत नाहीत, हे प्रकल्पासाठी आकडे वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

युरोपातून येताना विमान उशिरा पोचलं. भरपाई अंतरावर ठरते म्हणतात, मग कुठलं अंतर धरायचं?

बृहद्‌वृत्ताचं. युरोपीय संघाच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमात तसं लिहिलंच आहे. 1,500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, 1,500 ते 3,500 पर्यंत 400, आणि संघाबाहेर जाणाऱ्या, 3,500 च्या वरच्या उड्डाणाला 600 युरो. युरोपातून भारतात येणारं उड्डाण 3,500 च्या वरच असतं. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागतो. संघाकडे येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी संघातली असेल तरच. उशीर पोचताना किमान तीन तासांचा हवा. लांबच्या उड्डाणात तो चार तासांच्या आत असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते, आणि वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर मिळत नाही.

एकाच बुकिंगवर विमान बदलून आला असाल तर तुकड्यांची बेरीज करू नका. 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवून दिलं आहे की पहिल्या विमानतळापासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचं सरळ अंतर धरायचं. बर्लिनहून म्युनिकमार्गे मुंबईला आलात तर अर्जात बर्लिन-मुंबई लिहा, दोन्ही विमानतळांचे कोड द्या, आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.